शनिवारचा पेपर आणि परमुलखातील ज्यू विद्यार्थी

ऑक्टोबर २०२३ पासून जगभरातील विद्यापीठांच्या बातम्यांत 'ज्यू विद्यार्थी' हा शब्दप्रयोग वारंवार येऊ लागला. हमासने ७ ऑक्टोबरला इस्रायलवर केलेला हल्ला, त्यानंतर गाझात झालेला प्रचंड संहार आणि अमेरिका-युरोपातील विद्यापीठांच्या आवारात उमटलेले त्याचे पडसाद यांमुळे हा विद्यार्थी एकाएकी जागतिक राजकारणाचा विषय बनला. त्याच्या नावाने संसदीय चौकश्या झाल्या, कुलगुरूंना पायउतार व्हावे लागले, अनुदाने रोखली गेली. मात्र हा विद्यार्थी घरापासून दूर राहून दिवस कसा काढतो, कुठे जेवतो, शनिवारी काय करतो आणि परीक्षा कशी देतो, हे प्रश्न या गदारोळात कुणी फारसे विचारले नाहीत. वस्तुतः त्याच्या शिक्षणाचे बरेवाईट याच गोष्टींवर ठरत असते.

परभणी जिल्ह्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटणे साहजिक आहे. आपल्याकडे इस्रायलचे नाव निघते ते ठिबक सिंचनाच्या संदर्भात. मराठवाडा पाणी ग्रीडच्या आराखड्यासाठी राज्य शासनाने २०१८ मध्ये 'मेकोरोट' या इस्रायली सरकारी जलकंपनीशी करार केला, तेव्हा हे नाव पुन्हा चर्चेत आले. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेत, म्हणजे परभणीच्याच कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्रात, भारत-इस्रायल सहकार्यातून केशर आंब्याचे गुणवत्ता केंद्र उभे राहिले. इस्रायल हा देश अशा रीतीने आपल्या परिचयाचा झाला. पण मराठी मातृभाषा असलेले ज्यू याच राज्यात शतकानुशतके राहत आले आहेत, ही गोष्ट कोकणाबाहेर अजूनही अनेकांना नवी वाटते.

कोकणच्या किनाऱ्यावर, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात वसलेल्या या बेने इस्रायल समाजाचा परंपरागत व्यवसाय तेल गाळण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. इतर सहा दिवस हे लोक काय करतात, यापेक्षा एक दिवस काय करीत नाहीत, हेच गावाच्या नजरेत भरले होते. परमुलखात शिकणाऱ्या ज्यू विद्यार्थ्याची अडचणही नेमकी तिथेच आहे. गावाने त्या बंद घाण्याला नाव देऊन सामावून घेतले. विद्यापीठाच्या वेळापत्रकात मात्र अशा नावाला जागा नसते.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी आकाशात तारे दिसू लागले की संपतो. या काळात काम वर्ज्य. कामाची व्याख्याही नेमकी आहे. लिहायचे नाही, विस्तव पेटवायचा नाही, वाहनात बसायचे नाही, आणि कडक पाळणाऱ्याने विजेचे बटणही दाबायचे नाही. आता हीच आचारपद्धती परभणीच्या एखाद्या वसतिगृहात आणून पाहा. समजा, एखादा ज्यू विद्यार्थी मृदाशास्त्र शिकायला इथे आला. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, म्हणजे शुक्रवारचे वर्ग आटोपून खोलीवर परतायला त्याला वेळ मिळेल. शनिवारी मात्र प्रात्यक्षिक असेल तर तो हजर राहू शकेल, पण निरीक्षणे लिहू शकणार नाही. हजेरी अंगठ्याच्या यंत्रावर असेल तर तो वर्गात बसूनही कागदोपत्री गैरहजरच ठरेल. शनिवारी पेपर आला तर विषयच संपला. (भारनियमन शुक्रवारी रात्री झाले, तर त्याचे फारसे बिघडणार नाही, एवढाच काय तो दिलासा.)

जेवणाची गोष्ट त्या मानाने सोपी आहे, आणि मराठवाड्यात तर अधिकच सोपी. ज्वारीची भाकरी, वरण, भाजी, ठेचा यांत धर्माने आक्षेप घ्यावा असे काही नाही. मांस आणि दूध एकत्र खायचे नाही, हा ज्यूंचा मुख्य आहारनियम. म्हणूनच बेने इस्रायली घरांत मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध वापरण्याची पद्धत पडली. माशांपैकी खवले आणि पर असलेलेच चालतात. तेव्हा रोहू किंवा कटला चालेल, मागूर किंवा झिंगा चालणार नाही. कोंबडी-बकरा मात्र धर्माच्या रीतीने कापलेला हवा. ती रीत जाणणारा माणूस परभणीत मिळायचा नाही. साहजिकच आपला हा विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत शाकाहारी राहील. त्याहून कडक पाळणारा असेल तर स्वतःची भांडी बाळगेल. शुक्रवारच्या प्रार्थनेला द्राक्षरस लागतो. बेने इस्रायलांनी त्यावर फार पूर्वीच तोड काढली आहे, ती म्हणजे भिजवलेल्या मनुकांचे सरबत. वसंतातील पेसाहच्या सणात खमीर चालत नाही. तेवढे दिवस पाव-चपाती सोडून भातावर भागवता येते.

न सुटणारी गोष्ट आहे ती माणसांची. सामुदायिक प्रार्थनेसाठी परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग या ठिकाणी सिनेगॉग आहेत. मुंबईचे सर्वांत जुने १७९६ सालचे, तर पुण्यातील 'लाल देऊळ' म्हणून ओळखले जाणारे १८६७ सालचे. परभणीहून पुणे गाठायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि शब्बाथला प्रवास वर्ज्य. म्हणजे जायचे तर शुक्रवारचे वर्ग बुडवून जायचे. अखेर असा विद्यार्थी खोलीत एकटाच प्रार्थना म्हणतो. परदेशात शिकलेल्या ज्यूंच्या आठवणींत अन्नापेक्षा हा एकटेपणाच अधिक आढळतो, आणि त्याचे कारण या दहाच्या आकड्यात आहे.

बहुसंख्याकांना हा प्रश्न सहसा दिसत नाही. आषाढी एकादशीला खानावळीत साबुदाण्याची खिचडी मिळावी म्हणून कुणाला अर्ज करावा लागत नाही. दिवाळीची सुट्टी मागावी लागत नाही. रमजानमध्ये पहाटे जेवणाची सोय व्हावी म्हणून मुस्लिम विद्यार्थ्यांना व्यवस्थापकाशी बोलावे लागते, पण त्यांची संख्या पुरेशी असल्याने बहुधा मार्ग निघतो. सूर्यास्तानंतर न जेवणारा जैन विद्यार्थी जिंतूरच्या नेमगिरीच्या परिसरात कुणाला नवा नाही. त्याच्यासाठी ताट लवकर वाढले जाते. जिथे संख्या आहे किंवा निदान ओळख आहे, तिथे सोय आपोआप होते. ज्याची संख्या एक आहे आणि ओळख शून्य, त्याच्यासाठी लेखी नियमच असावा लागतो.

याचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्रायल कुटुंबात शिवमोग्याला जन्मल्या, पुण्यात शिकल्या आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पुढील शिक्षणासाठी त्या लंडनला गेल्या. विलायतेतील शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पहिल्या महायुद्धाचे ते दिवस होते. पुरुष डॉक्टर आघाडीवर गेल्याने लंडनच्या रुग्णालयांत स्त्रियांना कामाची संधी मिळत होती. झिराड यांनाही एलिझाबेथ गॅरेट अँडरसन रुग्णालयात ती मिळाली. १९१९ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी घेतली.

त्या लंडनमध्ये ज्यू विद्यार्थ्याला शिकण्याची मुभा होती, पण ती फार जुनी नव्हती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधील धार्मिक कसोट्या ब्रिटिश संसदेने १८७१ मध्ये उठवल्या. लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदवीचा दरवाजा १८७८ मध्ये उघडला. म्हणजे एक ज्यू, एक हिंदी आणि एक स्त्री अशा तिन्ही नात्यांनी झिराड ज्या दालनात शिरल्या, ते एकेका कायद्याने आणि एकेका ठरावाने उघडत आले होते. लंडनचा हिवाळा शब्बाथ पाळणाऱ्याला विशेष कठीण. डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे शुक्रवारचे दुपारचे व्याख्यानही आडवे येते. उन्हाळ्यात तोच सूर्य नऊ वाजून गेले तरी मावळत नाही.

लंडनच्या वास्तव्यात झिराड यांचा उदारमतवादी ज्यू पंथाशी परिचय झाला. क्लॉड माँटेफिओरे आणि लिली माँटेगू यांनी तिथे १९०२ मध्ये ही चळवळ सुरू केली होती. या पंथाच्या प्रार्थनेत हिब्रूबरोबर इंग्रजीला स्थान होते, स्त्री-पुरुष एकत्र बसत आणि आचारांचा अर्थ काळाप्रमाणे लावण्याची मोकळीक होती. मायदेशी परतल्यावर १९२५ मध्ये मुंबईत 'ज्यूइश रिलिजस युनियन' स्थापन झाली, त्यामागे झिराड यांचाच पुढाकार होता. परदेशातून विद्यार्थी पदवीखेरीज काय घेऊन येतात, याचा विचार करताना हे उदाहरण महत्त्वाचे ठरते. घरच्या धर्मापासून दूर गेलेली मुलगी दुसऱ्या शहरात त्याच धर्माचे वेगळे रूप पाहते आणि ते घरी आणते. पुढे त्यांनी १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा सांभाळली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत दहशतवाद्यांनी ज्या जागा लक्ष्य केल्या त्यांत कुलाब्याचे ज्यू केंद्र नरिमन हाऊस होते, आणि हे कामा रुग्णालयही होते.

सर्वच ज्यू विद्यार्थ्यांचा दिवस आचारांभोवती फिरतो, असे मात्र नाही. कवी निस्सीम इझिकेल १९४८ मध्ये लंडनला गेले, बर्कबेक महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकले, तळघरातील खोलीत हलाखीत राहिले आणि १९५२ मध्ये मालवाहू जहाजावर अंगमेहनत करीत मुंबईला परतले. धर्म हा त्यांच्या परदेशवासाचा मध्यवर्ती विषय नव्हता. गरिबी आणि लेखन हे होते. 'ज्यू विद्यार्थी' असे एकच चित्र रंगवणाऱ्यांनी या दोन मराठी मुलुखातील माणसांची लंडनमधील वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

ज्यू विद्यार्थ्याने इस्रायलला जावे म्हणजे प्रश्न संपला, असा एक सोपा तोडगा सुचवला जातो. बेने इस्रायलांचा अनुभव तसा नाही. १९५० च्या दशकात तिथे गेलेल्यांपैकी शंभराहून अधिक जण भेदभावाला कंटाळून, धरणे धरून, १९५२ मध्ये भारतात परतले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये इस्रायली संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानावे अशी भूमिका घेतली. स्वतःच्या धर्माच्या देशातही ओळख पटवण्यासाठी कागद आणि ठराव लागले. तिथे स्थिरावलेल्या या समाजाने 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवले, हेही इथे नोंदवण्याजोगे.

हाच दिवस उलट बाजूनेही पाहता येतो. परभणीत कृषी पदवी घेतलेल्या तरुणाला उच्च शिक्षणासाठी खुणावणाऱ्या ठिकाणांत रेहोवोत हे एक नाव आहे. हिब्रू विद्यापीठाचे कृषी विद्याशाखेचे संकुल तिथे आहे. तिथे आठवडा रविवारी सुरू होतो. शुक्रवारी दुपारनंतर बस बंद, दुकाने बंद, ती थेट शनिवारी रात्री उघडतात. भाजीपाला शुक्रवारी सकाळीच आणून ठेवावा लागतो. विसरलात तर डाळ-भातावर शनिवार काढावा लागतो. दिवाळी कामाच्या दिवशी येते आणि सुट्टी मागावी लागते. म्हणजे परभणीत ज्यू विद्यार्थ्याला जे सोसावे लागेल, ते रेहोवोतमध्ये मराठी विद्यार्थी सोसत असतो. फरक एवढाच की त्याला शनिवारी लिहिण्याची बंदी नसते. सुरक्षेची चिंता तर त्याच्याही वाट्याला येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ऑपरेशन अजय' आणि जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षावेळी 'ऑपरेशन सिंधू' राबवून भारत सरकारला आपल्या नागरिकांना परत आणावे लागले.

सुरक्षेचा मुद्दा आता ज्यू विद्यार्थ्यांच्या दैनंदिन जीवनात सर्वत्र शिरला आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १७ एप्रिल २०२४ रोजी पॅलेस्टाइन समर्थक विद्यार्थ्यांनी हिरवळीवर तंबू ठोकले. त्यानंतर चारच दिवसांनी विद्यापीठाशी संबंधित एका रबायने ज्यू विद्यार्थ्यांना घरी जाण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या दिवशी, २२ एप्रिलला, पेसाहची पहिली रात्र होती. काही ज्यू विद्यार्थी सणाला घरी गेले ते भीती घेऊन. त्याच रात्री त्याच तंबूंमध्ये, आंदोलनात सामील झालेल्या दुसऱ्या ज्यू विद्यार्थ्यांनी पेसाहचे भोजन मांडले. गुलामीतून मुक्त झाल्याची कथा दोन्हीकडे वाचली गेली. या दोहोंपैकी खरा ज्यू विद्यार्थी कोणता, हे ठरवण्याचा अधिकार ना विद्यापीठाला आहे, ना अमेरिकी सरकारला. तरीही सरकारने ज्यू विद्यार्थ्यांच्या संरक्षणाचे कारण पुढे करून विद्यापीठाचा निधी गोठवला आणि जुलै २०२५ मध्ये कोलंबियाने २२ कोटी १० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. एवढ्या रकमेतून शनिवारचा एखादा पेपर सोमवारी घेण्याची तरतूद झाली की नाही, हे मात्र त्या बातम्यांत दिसले नाही.

भीती खोटी होती, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, योम किप्पुरच्या दिवशी, मँचेस्टरमधील सिनेगॉगवर हल्ला झाला आणि दोन भाविक प्राणास मुकले. योम किप्पुर हा वर्षातील सर्वांत पवित्र दिवस. बेने इस्रायल त्याला 'दारफाळणीचा सण' म्हणतात, कारण त्या दिवशी दार लावून घरात राहायचे. त्याचबरोबर २५ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात पॅलेस्टिनी वंशाच्या तीन विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, हेही विसरता येत नाही. आणि गाझातील विद्यापीठे तर युद्धात उद्ध्वस्त झाली. तिथल्या मुलांच्या दिवसात वर्ग हा प्रकारच उरला नाही. एका विद्यार्थ्याच्या भीतीची नोंद घेताना दुसऱ्याची पुसून टाकण्याची सवय या तीन वर्षांत सर्वच बाजूंनी लागली. विद्यार्थी ज्या शहरात शिकतो तिथे तो कोणत्याही सरकारचा वकील नसतो, एवढे जरी आवाराच्या प्रशासनांनी धरून ठेवले असते, तरी बराच तणाव टळला असता.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राची नोंद बरी आहे, पण अपुरी. राज्य मंत्रिमंडळाने जून २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. २०११ च्या जनगणनेत राज्यातील त्यांची संख्या अडीच हजारांच्याही आत होती. दर्जामुळे शिष्यवृत्ती आणि स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा मार्ग खुला झाला. तथापि, शिष्यवृत्ती घेऊन महाविद्यालयात गेलेल्या मुलाला शनिवारी पेपर आला, तर काय करायचे, याचे उत्तर या दर्जात नाही. हायम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली होती. नंतर सर एली कदूरी यांच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली. समाज इस्रायलला गेला तसतशी त्या शाळेत इतर समाजांची, विशेषतः मुस्लिम मुले वाढत गेली. आज ज्यू मूल बहुधा इतरांच्याच शाळा-महाविद्यालयांत शिकते. म्हणजे स्वतःच्या घरच्या राज्यातही त्याची अवस्था परदेशी विद्यार्थ्यासारखीच असते.

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत यासाठी साधा मार्ग आहे. धार्मिक कारणाने ठरावीक दिवशी परीक्षा देता येत नसल्यास वर्षाच्या सुरुवातीला अर्ज भरायचा. शक्य तिथे पेपरची वेळ बदलली जाते. प्रश्न फुटू नयेत म्हणून विद्यार्थ्याला मधल्या काळात देखरेखीखाली ठेवण्याचीही पद्धत आहे. हा अर्ज फक्त ज्यूंसाठी नसतो. शुक्रवारची नमाज, दिवाळी, ईद या सर्वांना तोच लागू होतो. खर्च म्हणाल तर एक पर्यवेक्षक आणि एक खोली.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ ची. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कोट्यातून परप्रांतीय विद्यार्थी इथे येतातच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणावर भर दिला आणि २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांना परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांच्या २५ टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागा ठेवण्याची मुभा दिली. परदेशी विद्यार्थी हवेत असे धोरण असेल, तर त्यांच्याबरोबर त्यांचा आठवडाही येणार. ज्यूंचे पंचांग आपल्यासारखेच चांद्र महिन्यांचे असून ऋतूंशी मेळ घालण्यासाठी एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक मास धरते. म्हणून त्यांचा 'नव्याचा सण' आणि दारफाळणी दरवर्षी आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या आसपासच येते, म्हणजे बहुधा खरिपाच्या सत्राच्या मध्यावर. वार्षिक शैक्षणिक वेळापत्रक आखणाऱ्या समितीला या तारखा काही वर्षे आधीच कळू शकतात.

आज ज्यू विद्यार्थी परभणीत येईल की नाही, हा प्रश्न गौण आहे. मँचेस्टर, रेहोवोत किंवा न्यूयॉर्कमध्ये गंगाखेड, सेलू, पाथरीची मुले शिकत असतील, तेव्हा त्यांना उपवासाला, सणाला आणि परीक्षेच्या तारखेला तिथले प्रशासन कोणता अर्ज हातात देईल, याची आपण जी अपेक्षा करतो, तोच अर्ज आपल्याकडे छापलेला आहे का, एवढेच पाहायचे आहे. सध्या वसतिगृहाच्या प्रवेश अर्जात 'शाकाहारी की मांसाहारी' एवढाच रकाना असतो.